कंसातलं भूत

रांगेत उभी असताना ती फक्त एवढंच म्हणाली होती, "जरा पुढे सरका." पुढचे गृहस्थ चांगले धिप्पाड, मिशांना पीळ दिलेले. पण तिचा आवाज कानावर पडला मात्र, हातातली पिशवी धपकन खाली! वळून पाहतात तो मागे एक ठेंगणीठुसकी बाई, चष्म्याची दोरी गळ्यात, केसांचा इवलासा अंबाडा, अंगात घरी विणलेला स्वेटर. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चाचरत विचारलं, "तुम्ही... त्याच का?"

"त्याच," ती म्हणाली. "सरका पुढे."

सरकायचं सोडून त्यांनी तिलाच पुढे घातलं. ही बाई आपल्या पाठीमागे उभी आहे, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

असं तिच्या बाबतीत अजून होतं. टपालकचेरीत होतं, दवाखान्यात होतं. एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत झालं, आणि तेव्हा हात थरथरले ते दंतवैद्याचे! नोकरीतून निवृत्त होऊन तिला कितीतरी वर्षं झाली, पण ज्यांनी लहानपणी पांघरुणात डोकं खुपसून रेडिओवर 'कडी लावलीत का?' ऐकलंय, त्यांच्या कानातून तो आवाज काही जात नाही. तिला याची लाजबिज मुळीच वाटत नाही. उलट त्या दिवशी घरी आली की चहा पिताना ती एकटीच खुदुखुदु हसत बसते. का नाही बसायचं? माणसांची बोबडी वळवायची आणि वर त्यांचं जन्मभराचं प्रेम मिळवायचं, हे काय ऐऱ्यागैऱ्याचं काम आहे?

सगळे तिला कंसमावशी म्हणतात. पुराणातल्या कंसाशी काही नातं आहे का, असं कुणी खवचटपणे विचारलंच, तर तिचं उत्तर ठरलेलं: "तो मामा, मी मावशी." पण हा कंस तो नव्हेच. हा आपला लिहिण्यातला, वाक्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहणारा, पाठीत वाकलेला साधा कंस.

त्याचं असं झालं. ती रेडिओ केंद्रात नाटक विभागाची टंकलेखिका होती. लेखक हातानं लिहिलेली नाटकं आणून टाकत, अक्षर असं की लिहिणाऱ्यालाच वाचता येऊ नये, आणि ती ते सगळं टाइपरायटरवर बडवून काढी. पात्रांनी जे बोलायचं ते साधं. जे बोलायचं नाही, नुसतं घडायचं, ते कंसात. (दार वाजतं.) (कुत्रं भुंकतं.) (शांतता.) तिला खोड अशी, की टाइप करताना सगळं पुटपुटायचं. संवाद पुटपुटताना ती रंगात येई, हसे, रडे, दटावी. पण कंस आला की आवाज एकदम सपाट. ना चढ ना उतार, वाण्याला सामान सांगावं तसा. "कंस सुरू. दार वाजतं. कंस पूर्ण."

आणि एखादा लेखक कंस उघडून बंद करायला विसरला, की झालं! कागद घेऊन ती थेट त्याच्या पुढ्यात. "हे काय? कंस उघडा टाकलाय. भूत बाहेर सुटेल ना!" लेखक हसे, विभाग हसे, चहा आणणारासुद्धा हसे. तेव्हा ती मावशी म्हणण्याच्या वयाची अजिबात नव्हती. पण नाव पडलं ते पडलं, आणि एकदा चिकटलेलं नाव कुठं सुटतं?

आता तिच्या बाबांविषयी सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

बाबा कुलूपवाले. एका जिन्याखाली त्यांचं दुकान, एवढंसं, की आत गिऱ्हाईक शिरलं तर त्यांनी पोट आत घ्यायचं. भिंतभर किल्ल्या. आई लवकर गेली, मग घरात हे दोघंच. शनिवार आला की बाबा दुकान जरा आधीच आवरत, हाताचं तेल पुसत घरी येत, आणि दिवेलागणीनंतर दोघं रेडिओसमोर बसत. आधी खरखर. मग एक घोगरा आवाज विचारी, "दाराला कडी लावलीत का? नक्की? एकदा बघून या." आणि काय सांगावं, आख्खी गल्ली खरोखर उठून बघून येई! वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या सरकलेल्या ऐकू येत. ज्यानं साऱ्या गावाला कुलूपं विकली, ज्याच्या स्वतःच्या दाराला एकाखाली एक तीन कुलूपं, तो माणूससुद्धा उठे, कडी चाचपून येई आणि "आहे हो, आहे," असं रेडिओला सांगे. मग ती त्यांच्या मांडीवर चढून त्यांचा अंगठा घट्ट धरी. अंगठ्याला लोखंडाचा वास यायचा.

काय असायचं त्या नाटकांत? विचाराल तर काही नाही. एक दार, दोन पावलं, थोडा वारा. दिसत तर काहीच नाही. पण तीच तर गंमत! दिसलं की संपलं. दिसणारं भूत फार तर कुणाच्या तरी चुलत्यासारखं दिसणार. रेडिओवरचं भूत मात्र ज्याचं त्यानं घडवायचं असतं, आणि जो ज्याला भितो तेच नेमकं त्याच्या खोलीत येऊन उभं राहतं. तिच्या भुताला शाळेतल्या शिवणाच्या बाईंचे गारेगार हात होते. बाबांच्या भुताला काय होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण अंगठा मात्र ते हवा तितका घट्ट धरू देत. नाटक संपलं की दोघं एकमेकांकडे बघत आणि पोट धरून हसत सुटत. अंगावरचा काटा अजून मोडलेला नसे, आणि हसू थांबत नसे. इतकं जिवंत तिला दुसऱ्या कशानंच वाटलं नाही, आणि रेडिओ केंद्रात टंकलेखिका हवी असल्याचं कळलं तेव्हा ती धावतच गेली ती त्यामुळेच.

मग बाबांची नजर गेली. एकदम नाही. आधी किल्लीचे दाते दिसेनासे झाले, मग गिऱ्हाइकांचे चेहरे, मग लेकीचा. दुकान बंद झालं. रडगाणं गाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. घरातल्या घरात ते असे वावरत, की नव्या माणसाला काही कळूही नये. फक्त एक झालं. दिव्याचं बटण त्यांच्या लेखी संपलं. ती संध्याकाळी कामावरून येई तेव्हा घर काळोखं असे आणि त्या काळोखात बाबा खुर्चीवर शांत बसलेले. पहिला दिवा नेहमी तीच लावी.

एकदा ते म्हणाले, "शनिवारचा तो अर्धा तास मला फार आवडतो बघ. का सांगू? तेवढा वेळ सगळं गाव माझ्यासारखं होतं. सगळे कानांनीच बघतात. माझ्यापेक्षा जास्त कुणालाच दिसत नाही."

ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि भरपूर रडून घेतलं.

आणि नेमकं तेव्हाच 'कडी लावलीत का?'ला उतरती कळा लागली. तेच ते दार, तीच पावलं. बाबांना तर भीती वाटेनाशीच झाली. कुलूपवाल्याला दाराचा आवाज ऐकवायचा म्हणजे काय खाऊ आहे का? कुरकुर झाली रे झाली, की हे खुर्चीतून म्हणत, "अगं, हे दार नाहीच. हे लोखंडी कपाट आहे. डावीकडची बिजागरी, तेल संपलंय. भूत काय कपाटात राहतं?" ती हसे, पण आतून खट्टू होई. कारण बाबांचं बरोबर होतं. स्टुडिओत आवाज काढणारे जे गृहस्थ होते, सगळे त्यांना खडखडकाका म्हणत, त्यांच्याकडे खरोखरच एका जुन्या कपाटाचं दार लाकडी चौकटीत बसवलेलं होतं. वाड्याचं दार तेच, तुरुंगाचं दार तेच, शवपेटीचं झाकणही तेच.

अखेर केंद्राचे मोठे साहेब म्हणाले, बास. लोक कंटाळलेत. एवढा भाग झाला की कार्यक्रम बंद. त्या जागी शनिवारी पाककृती.

तिनं घरी येऊन सांगितलं. बाबा नुसतं "बरं" म्हणाले. जेवण झालं, भांडी घासून झाली, आणि मग काळोख्या व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला, "मग शनिवारी काय करायचं गं आपण?"

पाककृती ऐकायला दिसावं लागत नाही हे खरं, पण त्यात कुणी कुणाचा अंगठा धरत नाही. तिला एवढंच हवं होतं, की हा कार्यक्रम जाऊ नये. आणि जाणारच असेल, तर निदान शेवटच्या शनिवारी बाबा एकदा पहिल्यासारखे घाबरावेत. कडकडून घाबरावेत! पण टंकलेखिकेच्या हातात काय असतं? कंस उघडायचा आणि बंद करायचा.

शेवटचा शनिवार उजाडला तो गोंधळ घेऊनच. लेखकानं शेवटची पानं आणून दिली ती दुपार कलल्यावर. तिनं यंत्रात कागदावर कागद, मध्ये कार्बन, असा जाडजूड गठ्ठा घातला आणि बडवायला सुरुवात केली. कार्बन जुने, घासून घासून पांढरे पडलेले. वरची प्रत ठसठशीत आली, दुसरी बरी, तिसरी चालेल अशी. तळाची म्हणजे अंदाजानं वाचायची. वरची दिग्दर्शकांना, दुसरी नायकाला, तिसरी नायिकेला, चौथी खडखडकाकांना. तळाची राहिली मोलकरणीचं काम करणाऱ्या बाईंसाठी. त्यांना वाक्यं ती किती? आत यायचं, दिव्याचं विचारायचं, जायचं.

त्या बाई आल्या त्या गळ्याला मफलर गुंडाळूनच. तोंड उघडलं तर फक्त वारा बाहेर आला. घसा पार बसलेला.

दिग्दर्शकांच्या तोंडचं पाणी पळालं. हे गृहस्थ जन्मभर ओठांवर बोट ठेवून "श्शू" करत वावरलेले, म्हणून त्यांचं नावच श्शूसाहेब. त्यांनी डोकं धरलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांचं बोट तिच्यावर येऊन थांबलं.

"मावशी, तुम्ही!"

"मी? छे, छे! साहेब, मला माइकसमोर... मी त त प प करीन."

"टाइप तुम्हीच केलंय ना? सगळं तोंडपाठ असणार. आणि मोलकरीण आहे हो, राणी नाही. चला, चपला काढा."

स्टुडिओत सगळे अनवाणी जात, पावलं वाजू नयेत म्हणून. तिनं चपला काढल्या. आत जाडजाड पडदे, मऊ गालिचा, मधोमध टांगलेला माइक. एका कोपऱ्यात खडखडकाका आपल्या संसारासह उभे: कपाटाचं दार, खडीचा ट्रे, गडगडाटाचा पत्रा. माइकपाशी नायकाचं काम करणारे आप्पा, खर्जातला आवाज, इतकी वर्षं भुताशी बोलून बोलून केस पांढरे झालेले, आणि शेजारी नायिका. आप्पांनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. काचेपलीकडे श्शूसाहेबांनी हात वर केला. हे सगळं थेट जायचं, तोंडातून निघालं की घराघरांत! चुकलं तर खोडायला रबर नाही.

लाल दिवा लागला.

"दाराला कडी लावलीत का? नक्की?"

तिच्या मनात आलं, आत्ता बाबा उठले असतील. चाचपत दारापाशी गेले असतील. "आहे हो, आहे."

गोष्ट साधीच होती. नवीन घरात राहायला आलेलं जोडपं, माडीवरची एक खोली, तिला म्हणे कुणी आत शिरत नाही. आप्पा बोलत होते, नायिका बोलत होती. खडखडकाकांनी वारा सोडला, खडीवर पावलं टाकली. सगळं नेहमीसारखं, म्हणजे बेतास बात. तिची पाळी जवळ आली. तिनं तळाची प्रत डोळ्यांपुढे धरली. अक्षरं धुरकट, आणि वर घाम आलेले हात. छातीत असं धडधडत होतं, की माइकमध्ये ऐकू जाईल म्हणून तिनं श्वाससुद्धा आवळून धरला. आणि ती बोलली.

"बाईसाहेब, दिवा लावू का?"

मोलकरणीचं वाक्य तिथंच संपत होतं. पण तळाच्या त्या प्रतीवर कंस उमटलेच नव्हते! एवढ्या जाड गठ्ठ्यातून ती बारीक वाकडी रेघ खालपर्यंत पोचलीच नव्हती. घाबरलेल्या माणसाला काय कळतं? समोर शब्द होते, तिनं वाचले. आणि ते शब्द कंसातलेच, म्हणून तिच्या नकळत आवाजही तोच निघाला. सपाट. थंड. ना चढ ना उतार.

"दार उघडतं. दारात कोणी नाही."

खडखडकाकांचा हात कपाटाच्या दारावरच थिजला. त्यांनी ते उघडायचं होतं, पण त्यांच्या आधी कुणीतरी बोलून गेलं होतं, आणि आता उघडावं की नाही हेच त्यांना सुचेना. दार वाजलंच नाही. नायिकेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि तिचा खरोखर श्वास अडकला, तो अडकलेला श्वास साऱ्या गावानं ऐकला.

तिला कळलं. आपण काय केलं ते तिला पुरतं कळलं. संपलं! शेवटचा भाग आपण मातीत घातला. बाबा ऐकतायत आणि आपण कंस वाचला!

पण आप्पा म्हणजे मुरलेला माणूस. त्यांनी कागदावरून नजर उचलली, माइकपाशी ओठ नेले आणि हळूच, अगदी हळूच विचारलं, "कोण...? कोण बोललं हे?"

कागदावर हे नव्हतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, स्वतःच्याच चुकीचा! तिनं काचेकडे पाहिलं. पलीकडे श्शूसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते, डोळे बटाट्याएवढे, आणि दोन्ही हात समोर असे धरले होते, की तिला वाटलं, आता हे काच फोडून आपला गळा धरणार. पण तळवे एकमेकांसमोर होते. वाकवलेले. एक इकडून, एक तिकडून. अरे देवा, हे कंस आहेत! कंस वाचा म्हणतायत!

मग काय विचारता! तिच्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. खडखडकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि दोन्ही हात शहाण्यासारखे पाठीमागे बांधून घेतले. वारा बंद. खडी बंद. इतक्या वर्षांत त्या स्टुडिओत इतकं गप्प कधी झालं नव्हतं.

"जिन्यावर पावलं वाजतात," ती म्हणाली. कुणाचंच पाऊल वाजलं नाही.

"ऐकलंत?" नायिका कुजबुजली. "अहो, ऐकलंत का तुम्ही?"

"मला काही ऐकू आलं नाही," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा तो प्रसिद्ध खर्ज चक्क चिरकला.

"पावलं दाराशी थांबतात."

पुढचा प्रत्येक कंस तिनं वाचला. कागदावर कंस दिसत नव्हते, पण तिला ते दिसावे लागत नव्हते, तिनं स्वतःच तर टाइप केले होते! ती एक बोले आणि मग आप्पा आणि नायिका त्याच्यापुढे जीव मुठीत धरून बोलत. घरात तिसरं कुणीतरी होतं, आणि ते धमकावत नव्हतं, किंचाळत नव्हतं. जे व्हायचं ते नुसतं सांगत होतं. नायिकेच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. काचेपलीकडे श्शूसाहेब नखं खात होते. आणि कंसमावशी? तिच्या अंगावर काटा होता आणि हसू आवरत नव्हतं. लहानपणी बाबांच्या मांडीवर व्हायचं तस्सं! एवढंच, की आता ती पांघरुणाच्या पलीकडे होती, काळोखाच्या बाजूला, आणि सगळं गाव तिच्या तोंडाकडे कान लावून बसलं होतं.

शेवटच्या पानावर शेवटची ओळ आली.

"दिवा विझतो."

लाल दिवाही विझला. मग आप्पा मटकन खाली बसले आणि मोठमोठ्यानं हसायला लागले. खडखडकाकांनी डोळे पुसले. "आयुष्यभर दार वाजवलं," ते म्हणाले, "न वाजवण्यात एवढी मजा आहे हे आधी का नाही कुणी सांगितलं!" श्शूसाहेब धावत आत आले, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आरडाओरडा केला. "मावशी! अहो मावशी!"

एवढ्यात खाली फोन वाजायला लागले. एक ठेवला की दुसरा. कुणी विचारत होतं, ती बाई कोण. कुणी रागावून सांगत होतं, पोरं माडीवर जाऊन झोपायला तयार नाहीत. कुणी काहीच न बोलता नुसतं कुणाचा तरी आवाज ऐकायला फोन केला होता. शेवटी मोठ्या साहेबांचा आला. श्शूसाहेबांनी फोन कानाला लावला आणि सगळे भोवती गोळा झाले.

"आमच्या बागेचं फाटक उघडं राहिलंय," साहेब म्हणत होते. "ही म्हणते, बंद करून या. मी नाही जात म्हटलं. तूच जा. तीही जात नाही. आता फाटक रात्रभर तसंच राहणार... बरं ते असू द्या. पाककृती रविवारी सकाळी टाकू. पुढच्या शनिवारी ती बाई मला हवी. आणि तिचं नाव कुठं सांगू नका. कळलं की भीती गेली."

तिला घरी जायची घाई झाली होती. चपला पायांत नीट न सरकवताच ती निघाली. रस्ताभर स्वतःशीच हसत होती, मध्येच पळत होती, शहाण्यासुरत्या बायकांनी करू नये ते सगळं करत होती. पण मनात एकच. बाबांनी ऐकलं असेल ना? की "कपाट आहे" म्हणून रेडिओ बंद केला असेल? कोपऱ्यावर वळून तिनं सवयीनं वर पाहिलं, आणि तिथंच थबकली.

त्यांच्या घराच्या सगळ्या खिडक्या उजळल्या होत्या.

घरात बाबा एकटे. दिवा लावणारं दुसरं कुणी नाही. चोर शिरले की काय? ती धडाधड जिना चढली. दार बंद. तिन्ही कुलूपं लावलेली, आतून कडी. तिनं दार ठोठावलं.

"कोण?" आतून बाबांचा आवाज, जरा चढाच.

"मी."

"मी कोण?"

"बाबा, मी! तुमची मुलगी!"

"आधी सांग, आईनं तुला पहिला स्वेटर विणला तो कुठल्या रंगाचा?"

"निळा, बाबा! उघडा की!"

एक कुलूप, दुसरं, तिसरं. मग कडी. दार उघडलं आणि उजेडानं तिचे डोळे दिपले. बैठकीतला दिवा, स्वयंपाकघरातला दिवा, न्हाणीघरातला, व्हरांड्यातला, तिच्या टेबलावरचा छोटा, आईच्या तसबिरीवरचा, सगळे, सगळे लागलेले. आणि या लखलखाटाच्या मधोमध बाबा, केस विस्कटलेले, हातात दुकानातलं सगळ्यात मोठं लोखंडी कुलूप उगारलेलं.

"लागलेत ना गं सगळे?" त्यांनी विचारलं. "मला काय कळणार! बटण सापडेल ते दाबत गेलो."

"लागलेत," ती म्हणाली. "पण बाबा, तुम्हाला दिवे कशाला?"

"मला कशाला? तिला दिसू दे, घरात माणूस जागं आहे म्हणून!" त्यांनी कुलूप खाली ठेवलं. "मोलकरीण तू होतीस. पहिल्याच शब्दाला ओळखलं. बरी बोललीस, जरा घाई केलीस. पण ती दुसरी... ती कोण गं? कुठून आणलीत तिला? दार उघडतं म्हणाली आणि बिजागरी वाजलीच नाही! मी कान टवकारून बसलो, आता वाजेल, मग वाजेल. नाहीच! कुलूपवाल्याच्या घरात न वाजता दार उघडलं, पोरी!"

त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा आनंदानं असा फुलला होता, की कितीतरी वर्षांत तिनं तो तसा पाहिला नव्हता. ओठांवर आलं होतं, बाबा, ती मीच. आत्ता सांगावं, आणि त्यांना पोट धरून हसताना बघावं! पण दिसलं की संपलं, हे तिला ह्याच माणसाच्या मांडीवर बसून कळलं होतं. तिनं ते शब्द गिळले. त्यांना ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. केंद्रानं तिचं नाव जाहीर केलं ते बाबा गेल्यावर, पुष्कळ वर्षांनी.

"कोण आहे ते कुणालाच माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "आली आणि गेली."

"पुढच्या शनिवारी आहे ना ती?"

"आहे. कार्यक्रम बंद नाही होणार. ती येणार आहे."

"बापरे," बाबा म्हणाले, आणि हसत सुटले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीही हसली. मग त्यांनी हवेत चाचपडून तिचा हात शोधला आणि अंगठा घट्ट धरला.

जेवायला वाढायचं म्हणून ती निघाली, आणि सवयीनं न्हाणीघराचा दिवा मालवायला तिचा हात बटणाकडे गेला. बाबांनी ते कसं ओळखलं कोण जाणे.

"राहू दे गं," ते म्हणाले. "आज असू देत सगळे."